मागच्या दोन पेट्या

चॅलिस गावाबाहेर, जिथे डांबर संपतं
आणि सेजब्रशचा उग्र वास सुरू होतो,
तिथे आमचा ट्रक उभा असतो, पाठीवर घर घेऊन.
घर म्हणजे गुडघे दुमडून बसलेलं घर:
मुक्कामाला छप्पर वर ढकलायचं, कापडी भिंती ताणायच्या,
सकाळी खाली ओढून चारी कोपऱ्यांना कड्या घालायच्या.
छप्पर खाली आलं की आतल्या प्रत्येक वस्तूने
मान खाली घालायची.
किटलीने, कंदिलाने, माझ्या उन्हाळी टोपीनेही.
एकोणीस वर्षं असंच मावत आलो आम्ही,
एकाच्या पोटात एक.

मार्चमध्ये ऑरिनने मोजपट्टी काढली.
दाराच्या डावीकडे सतरा इंच, उजवीकडे सोळा.
"कुठल्या गाढवाने बांधलंय हे?"
मग आठवलं त्याला,
लाकूड कुजलं त्या वर्षी मागची भिंत त्यानेच बांधली होती.
पेन्सिल गुपचूप कानावर परत गेली.

इन्याकी आला. मेंढ्या विकून टाकलेला,
वेल्डिंगचं यंत्र न विकलेला.
दोघांनी आधी पुठ्ठ्याच्या पेट्या केल्या,
चिकटपट्टीने लावून पाहिल्या:
मागचा दिवा झाकतोय का, पायरी उघडतेय का.
पायरी उघडेना. पुन्हा पुठ्ठा.
वाऱ्याने एक पेटी उचलली, थेट तारेच्या कुंपणावर नेऊन टांगली,
आणि दोन म्हातारे तिच्यामागे धावले.
खिडकीतून मी हसले,
आणि त्या हसण्याची किंमत मोजत
पलंगाच्या कडेला बसून राहिले बराच वेळ.

पत्रा आला. कापला, वाकवला, सांधला.
पण भोक पाडायची वेळ आली तेव्हा
ड्रिल हातात धरून ऑरिन नुसता उभा.
कधी न गळलेल्या भिंतीला
आपणच भोक पाडायचं, म्हणजे
माणसाचा हात जरा अडखळतोच.
"तू पाड," इन्याकीला म्हणाला.
"घर तुझं आहे," इन्याकी म्हणाला.
मग ते करड्या रंगाचं चिकट लुकण,
भिजवलेल्या पिठासारखं, कडेकडेने दाबलेलं,
आणि रिव्हेटचे ठोके, संध्याकाळपर्यंत.

डाव्या पेटीत गॅसची टाकी, पाण्याची नळी,
चाकाखाली सारायचे ठोकळे, चिखलाचे बूट.
उजवीला मात्र त्याने भोकं पाडली,
तळाला चौदा, वर चौदा.
आत लाकडाच्या अर्धगोल खाचा,
खाचांना जुन्या ब्लँकेटचं अस्तर,
तीन सिलिंडर न हलता झोपतील अशा बेताने.
गॅस त्या बाजूला, माझा श्वास या बाजूला,
मध्ये दार.
"उंचावर जाऊ नका," डॉक्टरीण म्हणाली होती.
"किती उंचावर?" ऑरिनने विचारलं होतं.
तिने आकडा सांगितला नाही.
त्याने घरी येऊन पत्रा मागवला.

धान्याच्या काट्यावर वजन केलं. बूड जड झालेलं.
काट्यावरची पोरगी म्हणाली, "सत्तर पौंड तरी कमी करा."
त्याने माझा बिडाचा तवा बाहेर काढला.
मी परत ठेवला.
त्याने पुन्हा काढला.
मी त्याचे हातोडे मोजले: चार.
तवा राहिला.

पहिली फेरी नदीकाठच्या खडीच्या रस्त्याने.
तिसऱ्या मैलाला मागून खडखड.
ऑरिनचा चेहरा पडला. "सुटली," म्हणाला, "उजवी सुटली."
तो पुलाखाली काहीतरी बघायला वाकला
तेवढ्यात मी उतरले, चार पावलं, थांबून, आणखी चार.
कडी उघडली.
सिलिंडर गाढ झोपलेले.
त्यांच्यामध्ये, खाचेत, त्याची पेन्सिल,
आठवडाभर सगळं घर उलथून शोधलेली.

"काय आहे?" त्याने विचारलं.
"काही नाही. पेटी घट्ट आहे."
कडी लावली. पेन्सिल तिथेच.
खडखडू दे.
पुढे घाट लागेल, माझा डोळा लागेल,
तेव्हा मागे कुणीतरी बोलत असलेलं बरं.